सुखदेवच्या आवाजात

माझ्या बायकोचा समज आहे की माझं काहीच तिच्यापासून लपलेलं नाही. माझी दुखणी तिला तोंडपाठ आहेत. धुळ्याला कॉलेजात असताना एका मुलीच्या घरावरून मी उगाच सायकलने चकरा मारायचो, तेही तिला माहीत आहे, आणि त्यावरून ती मला अजून चिडवते. मी हसतो. पण एक गोष्ट राहिली. ती मी तिला सांगितली नाही, आईला तिच्या शेवटच्या आजारपणातही सांगितली नाही, देवापुढे उभा राहिलो तरी मनात येऊ दिली नाही. तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का? कारण तुम्ही मला ओळखत नाही. भित्रा माणूस कबुली देतानाही सुरक्षित जागा बघतो, हे आधीच समजून घ्या.

मी जळगावला असतो. प्लास्टिकच्या चटया करणाऱ्या एका कारखान्याचा प्रमुख आहे. निवृत्तीला आता थोडाच अवकाश आहे. मध्यंतरी आमच्याकडे एक कार्यक्रम झाला. एचआरमधल्या ऋतुजा नावाच्या मुलीने काढलेली कल्पना. जुन्या लोकांनी नव्यांसमोर आपली एखादी चूक सांगायची. हल्ली हे असंच असतं. साहेबाने मोकळं व्हायचं, डोळे थोडे ओलसर झाले तर उत्तम, मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. मी उठलो आणि एकदा चुकीच्या मापाचे बेअरिंग कसे मागवले होते आणि त्यामुळे काम कसं अडलं होतं, ते रंगवून सांगितलं. पोरं हसली. टाळ्या झाल्या.

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आमच्या वेळी चूक झाली की ती दुसऱ्याच्या अंगावर कशी ढकलायची, यालाच अनुभव म्हणत.

या नव्या पोरांविषयी मी कॅन्टीनमध्ये इतरांसारखाच बडबडतो. सहा वाजले की पिशवी खांद्याला. काम सांगितलं तर तोंडावर म्हणतात, "सर, हे माझ्याकडे येत नाही." आम्ही कधी साहेबाला उलट विचारलं होतं का? नाही विचारलं. पण खरं सांगू? मला त्यांची चीड येत नाही, भीती वाटते. ती विचारतात. कुठलीही गोष्ट सांगा, आधी 'का' म्हणतात. त्या दिवशी त्या शेडमध्ये यांच्यातलं एक जरी पोर माझ्या शेजारी उभं असतं ना — तर त्याने मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं आणि सगळ्यांसमोर विचारलं असतं, सर, आत्ता तुम्ही बोललात का?

तसं कुणी नव्हतं. आम्ही सगळे शिस्तीत वाढलेले होतो.

त्या कार्यक्रमानंतर ऋतुजा माझ्याजवळ आली होती. म्हणाली, "सर, तुम्ही कुठलंही मशीन सुरू करायच्या आधी स्वतः चक्कर मारून बघता. सेन्सर आहेत, भोंगा आहे, कॅमेरे आहेत, तरी. ही सवय कुठे लागली?" मी म्हटलं, "चोपड्याला." ती पुढे काही विचारणार, तेवढ्यात मी घड्याळ पाहिलं आणि जेवणं उरकून घ्या म्हणालो. या सवयीबद्दल मला एकदा शाल-श्रीफळ मिळालेलं आहे. सुरक्षिततेचा आदर्श वगैरे. शाल कपाटात आहे. मी ती पांघरत नाही.

तर चोपडा.

इंजिनिअर होऊन मी पहिल्यांदा नोकरीला लागलो तो चोपड्याच्या बाहेर, एका जिनिंग मिलमध्ये. कापसातून सरकी वेगळी करायची, रुईच्या गाठी बांधायच्या, हे तिथलं काम. तुम्ही कधी जिनिंगच्या शेडमध्ये गेला आहात, मशीन बंद असताना? जाऊ नका. दिवसासुद्धा जाऊ नका. छतापर्यंत कापूस रचलेला असतो आणि त्या कापसात आवाज मुरतो. तुम्ही बोलता आणि शब्द तोंडासमोरच खाली पडतो. टाळी वाजवली तर ती दुसऱ्याच कुणीतरी लांब वाजवल्यासारखी ऐकू येते. पहिल्या दिवशी मी तिथे एकटा गेलो, खाकरलो, आणि मागे वळून पाहिलं.

तिथे पुंडलिक आबा मुख्य मिस्त्री होते. सगळे त्यांना आबाच म्हणायचे, शेठसुद्धा. आबा संतबिंत नव्हते, उगाच गैरसमज नको. तोंड शिवराळ होतं. नव्या माणसाचा चारचौघांत पाणउतारा करून हसायचे. माझ्या डिग्रीला ते "कागदी पतंग" म्हणायचे, आणि मला "इंजिनेर भाऊ" अशा सुरात हाक मारायचे की त्यात मान किती आणि टिंगल किती ते कळू नये.

आणि त्यांची ती रीत होती.

दुपारच्या सुट्टीनंतर असो, बिघाडानंतर असो, मशीन बंद पडून पुन्हा सुरू करायचं म्हटलं की आबा स्विचजवळ उभे राहायचे, टोपी नीट करायचे आणि पाळीतल्या प्रत्येक माणसाला नावाने हाक मारायचे. ज्याने त्याने आपल्या तोंडाने उत्तर द्यायचं — "शे." शे म्हणजे आहे. एवढंच. दुसऱ्याने दुसऱ्यासाठी बोलायचं नाही. हात वर केलेला चालायचा नाही, "तो बाहेर उभा शे" असं सांगितलेलं चालायचं नाही. डोळ्यांसमोर तंबाखू मळत उभा असलेला माणूसही बोलल्याशिवाय आबा त्याला हजर धरायचे नाहीत. सगळी नावं झाली की ते एक शेवटची हाक द्यायचे, कुणाच्याही नावाची नसलेली.

"आखो कोनी शे का?"

आणखी कुणी आहे का. मग ते थांबायचे. सगळी शेड थांबायची. त्या शांततेत उत्तर यायचं नसायचं, उत्तर न येणं हेच उत्तर होतं. पण पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला होता. वाटलं, आलं तर? एखाद्या दिवशी आलंच तर काय करायचं?

मिलमधल्या बाया म्हणायच्या, ती हाक मिलमध्ये पूर्वी मेलेल्यांसाठी आहे. आबांना विचारलं तर ते फक्त तंबाखू मळायचे.

मला ती रीत हास्यास्पद वाटायची. शेठचा धाकटा मुलगा पुण्याला मॅनेजमेंट शिकून आला होता, तो आणि मी एकाच वयाचे. संध्याकाळी त्याच्या जीपमध्ये बसून आम्ही जुन्या लोकांना नावं ठेवायचो. राजस्थानातून आलेल्या आपल्या आजोबांपासून ही मिल अशीच चालली आहे, आता ती बदलायची, असं तो म्हणायचा. आबांच्या हाकांना आम्ही "भजन" म्हणायचो. मी नवं पॅनेल बसवलं होतं. एक बटण दाबलं की सगळी रांग सुरू, आधी भोंगा वाजणार, लाल दिवा लागणार. कागदावर सगळं चोख होतं. आबांनी पॅनेल पाहिलं आणि म्हणाले, भोंगा सगळ्यांना सांगतो, पण सगळे आहेत का ते भोंग्याला कोण सांगतो? त्या दिवशी मी जीपमध्ये त्यांची नक्कल करून दाखवली नाही. करू शकलो असतो.

कारण — इथे मी जरा अडखळतो — मला आवाज काढता यायचे.

धुळ्याच्या होस्टेलमध्ये मी सगळ्या प्राध्यापकांचे आवाज काढायचो. नुसती टिंगल नव्हती ती. डोळे मिटून ऐकलं तर माणूस उभा राहायचा. चोपड्याला आल्यावर मात्र मी हे कुणाला कळू दिलं नाही. साहेब झालो होतो ना. साहेबाने नकला करायच्या नसतात. पण खोलीवर एकटा असायचो, करमायचं नाही, तेव्हा मिलमधल्या लोकांचे आवाज काढत बसायचो. स्वतःशीच. त्यातला मला सगळ्यात सोपा जाणारा आवाज सुखदेवचा होता.

सुखदेव माझ्याच वयाचा. सरकी वाहून नेणारा एक लांबलचक लोखंडी स्क्रू शेडच्या एका कडेने जातो, त्याची निगा त्याच्याकडे होती. सर्दी झाल्यासारखा नाकातून येणारा आवाज, आणि शेवटाला बारीक चिरकणारा. तो नुसता "शे" म्हणायचा नाही. "शेऽ आबा" म्हणायचा, लांबवून, थोडा लाडिक. आबा त्यावर रोज एक शिवी हासडायचे आणि रोज सगळे हसायचे. नुकताच बाप झाला होता तो.

तो दिवस. त्याबद्दल मी इतक्यांदा मनात बोललो आहे आणि एकदाही तोंडाने नाही.

बाहेरगावचे मोठे खरेदीदार मिल बघायला आले होते. शेठचा मुलगा त्यांना माझं नवं पॅनेल दाखवणार होता. जीप शेडच्या दाराशी घुरघुरत उभी होती, पाहुणे तिच्याजवळ. दुपारची सुट्टी संपली होती. आबा स्विचजवळ गेले, टोपी नीट केली. शेठच्या मुलाने माझ्याकडे पाहून डोळे फिरवले. आबांनी हाका सुरू केल्या. शे. शे. शे. मग सुखदेवचं नाव आलं आणि उत्तर आलं नाही.

आबांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा काही नाही. मग ते बाजूला झाले आणि म्हणाले, थांबा, येऊ द्या त्याला. आणि चक्क तंबाखूची डबी काढली. पाहुण्यांपैकी कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. शेठचा मुलगा हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा लाल झाला. त्याने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्याच आवारात उभ्या राहत असलेल्या नव्या मिलचा चार्ज तो मला देणार होता, आणि मीही त्याला शब्द दिला होता की पाहुण्यांपुढे सगळं झटपट होईल.

सुखदेव चहाला गेला आहे असं मला वाटलं होतं. थोड्या वेळापूर्वी त्याच्यासारखाच लाल गमछा घेतलेलं कुणीतरी फाटकाकडे जाताना मी पाहिलं होतं. सुखदेवच होता का? मला तेव्हाही खात्री नव्हती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. खात्री नव्हती, हे सांगण्यासाठी सांगतो आहे.

मी दोन पावलं मागे सरलो, कापसाच्या ढिगामागे. पाहुणे दाराकडे होते, बाकीची माणसं पलीकडच्या टोकाला. आबांनी तिसऱ्यांदा हाक दिली.

"शेऽ आबा."

मी म्हणालो. सुखदेवच्या आवाजात.

इतका हुबेहूब निघाला तो. कापसाने तो थोडा दाबला, लांब केला, त्यामुळे तर आणखीच. आबांचा चेहरा सैल पडला, त्यांनी नेहमीची शिवी दिली, दोघंचौघं नेहमीसारखे हसले. मला मनातून गुदगुल्या झाल्या. हो, गुदगुल्या. मग आबांनी ती शेवटची हाक दिली, आखो कोनी शे का, आणि ते थांबले.

ती शांतता माझ्यासाठीच होती. मी तेव्हा बोलू शकलो असतो. आबा, थांबा, तो मी होतो — एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? शिव्या बसल्या असत्या, पाहुणे हसले असते, नोकरी गेली असती फार तर. मी श्वास धरून उभा राहिलो. आबांनी बटण दाबलं.

सुखदेव आत होता. स्क्रूच्या पन्हाळीत अडकलेली सरकी मोकळी करत वाकला होता. धुळीसाठी नाकातोंडावरून, कानांवरून फडकं घट्ट बांधलेलं. त्याला हाक ऐकूच गेली नव्हती. पॅनेलचा भोंगाही त्याने ऐकला नसणार, ऐकला असला तरी हात काढायला वेळ मिळाला नाही. त्याची किंकाळी मात्र कापसात मुरली नाही.

उजवा हात कोपराच्या वरून गेला. जीव वाचला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चौकशी झाली. थोरले शेठ, त्यांचा मुलगा, वकील, मी. आबांना उभं केलं होतं. आबा एकच सांगत होते, मी हाक दिली, त्याने उत्तर दिलं, मी माझ्या कानांनी ऐकलं. शेठच्या मुलाने जीपच्या आवाजात काही ऐकलं नव्हतं. कामगारांपैकी दोघं म्हणाले, सुखदेव बोलल्यासारखं वाटलं. मग मला विचारलं. तुम्ही आबांच्या जवळ होता, तुम्हाला काही ऐकू आलं?

मी म्हणालो, नाही.

साहेब नाही म्हणतात म्हटल्यावर ते दोघंही म्हणाले, आमचा भास असेल. आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. समजून घ्यायचा प्रयत्न करत असल्यासारखं, एखादं अवघड गणित दिलं असावं तसं.

एवढ्यावर थांबलं असतं तर म्हणता आलं असतं की मी नुसता पळपुटा निघालो. पण आबांना चैन पडेना. सुखदेव जळगावच्या दवाखान्यात होता, तिथे ते आले. मी तेव्हा तिथेच होतो, शेठकडून फळं घेऊन गेलो होतो. आबा त्याच्या खाटेशी वाकले आणि हळू विचारलं, "तू बोलना ना रे सुखदेव? मी हाक मारी, तवय तू बोलना ना?"

"मी बोलनूच नही, आबा," सुखदेव म्हणाला. "मी मझार व्हतू."

मझार म्हणजे आत. तो आत होता, बोललाच नव्हता.  सुखदेव आबांकडे बघत राहिला आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते हात गेल्याच्या दुःखापेक्षा वेगळं होतं. तो म्हणाला, "मंग मना आवाज कोनी काढा?" मग माझा आवाज कुणी काढला.

त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. दोघांपैकी एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. का पाहतील?

मिलमध्ये ही गोष्ट वणव्यासारखी पसरली. शेडमध्ये काहीतरी आहे आणि ते माणसाच्या आवाजात बोलतं. बाया त्या कोपऱ्यात एकटीने जाईनात. मशीन बंद असताना आपल्याला "शेऽ" ऐकू आलं, असं शपथेवर सांगणारे निघाले. आबांच्या त्या शेवटच्या हाकेला इतक्या वर्षांनी उत्तर मिळालं, असंही म्हणू लागले. यावल बाजूचे काही मजूर काम सोडून गेले. मग शेठने मला सांगितलं, तुम्ही शिकलेले आहात, लोकांना समजवा. मी सगळ्यांना अंगणात बसवून अंधश्रद्धेवर बोललो. छान बोललो. मनाचे खेळ असतात, घाबरलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं. आबा मागच्या बाजूला मान खाली घालून बसले होते, आणि मध्येच त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी.

त्यांना काढून टाकलं. वय झालं, कान गेले, असं सांगून. हाका बंद झाल्या. माझा भोंगा राहिला. नव्या मिलचा चार्ज मला मिळाला. आज मी जो कोणी आहे, त्याची पहिली पायरी ती.

आबा धुळ्याला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, तरुण माणसाचे असावेत असे. तुम्हाला वाटेल आबांना बरं वाटलं असेल. कान चांगले म्हटल्यावर मागे काय उरलं? डोकं. कान गेले असते तर त्या माणसाची सुटका झाली असती. घरच्यांनी आधी भगत केला, मग डोक्याचे डॉक्टर केले. गोळ्या सुरू झाल्या.

सुखदेवला शेठने फाटकावर बसवलं. तो बोलेनासा झाला. मुका नाही, पण मोठ्याने बोलायचं नाही, कुणाला हाक मारायची नाही. बाहेरून कुणी त्याचं नाव घेऊन हाक मारली तर तो उत्तर द्यायचा नाही. उठून जायचा, माणूस बघायचा, मग मान हलवायचा. आपला आवाज कुणीतरी उचलला आहे आणि तो आपण जितका वापरू तितका त्याच्या हाती जाईल, असं काहीतरी त्याच्या मनाने घेतलं होतं. त्याची मुलगी अंगणात खेळायची, तिला बोलवायचं तर तो काठीने पत्र्याचं पिंप वाजवायचा. टाळी वाजवावी तर दुसरा हात नव्हता. मी फाटकातून गाडी काढताना ते पिंप ऐकायचो. काच वर करायचो.

पुढे मी जळगावला आलो, नोकऱ्या बदलल्या, वर चढलो. हे विसरलो होतो असं म्हणणं सोयीचं होईल. पण एका दुपारी जेवून आडवा झालो होतो, डुलकी लागली होती, बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, अहो, जागे आहात का? आणि माझ्या तोंडून उत्तर गेलं. ती हसत बाहेर आली. "हा कुणाचा आवाज काढलात?" मी म्हटलं, होता एक ओळखीचा. ती म्हणाली, पुन्हा काढा ना. मी कूस बदलली.

नंतर एकदा कामासाठी धुळ्याच्या पुढे गेलो होतो, परत येताना सोनगीरच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली. भर दुपार होती, समोर किल्ला उन्हात पांढरा पडला होता. काचा बंद केल्या. मला बघायचं होतं, तो अजून निघतो का. निघाला. तसाच, लांबवलेला, लाडिक, शेवटाला चिरकणारा. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा आवाज म्हातारा झालेला नाही. मी झालो, सुखदेव झाला. त्याने तो वापरणंच सोडलं, त्यामुळे त्याचा आज कसा असेल कोण जाणे. पण दोन्ही हात शाबूत असलेला, नुकताच बाप झालेला तो सुखदेव आता जगात फक्त एका ठिकाणी आहे. माझ्या घशात. त्याला वाटतं की आपला आवाज कुणीतरी नेला. बरोबरच वाटतं त्याला.

पुष्कळ वर्षांनी एका लग्नाला यावलला गेलो होतो. परतताना गाडी चोपड्याकडे वळवली. सांगायचंच, असं ठरवून वळवली होती. लग्नात जेवलो नव्हतो.

आबा ओसरीवर बसले होते. फार वाळले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं, "या इंजिनेर भाऊ," म्हणाले, आणि त्या सुरात आता टिंगल उरली नव्हती, नुसता मान होता. मी शेजारी बसलो. ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते, तोंडाकडे बघत होते, मी बोलताना ओठ हलतात का ते. तब्येतीचं झालं, पाऊसपाण्याचं झालं. मी सुरुवात करणार होतो. वाक्य तयार होतं.

तेच आधी बोलले. "तुम्ही तवय खरं सांगं ते बरं व्हयनं, भाऊ," ते म्हणाले. तुम्ही नाही म्हणालात म्हणून मला कळलं की माझ्यात खोट आहे. नाहीतर मी हट्टाने पुन्हा मशीनजवळ उभा राहिलो असतो आणि आणखी एखाद्याचा हात घालवला असता. तुमचे उपकार आहेत. असं ते मला म्हणाले. मला. मग थोडं थांबून, पोराने परवानगी मागावी तसं त्यांनी विचारलं, "एक इचारू? तुमले खरंच काही आयकू उनं नही?"

ओसरीवर आम्ही दोघंच होतो. ऊन होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. यापेक्षा सोपं कुणी कधी विचारलं असेल?

"नाही, आबा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. बरं, म्हणाले. माझ्या तोंडावरची नजर काढली. मग पाहुणा आला आहे याची आठवण होऊन त्यांनी आत वळून सुनेला हाक मारली, चहा टाक म्हणून. आतून तिचा आवाज आला, हो आबा, टाकते.

 आबा काठी टेकून उठले, भिंतीला धरत उंबरा ओलांडला आणि आत गेले, ती खरंच तिथे आहे का ते बघायला. मला बसल्या जागेवरून दिसत होतं. सून चुलीशी उभी होती. तिने मागे न बघता पदर हलवून त्यांना दाखवला, रोज दाखवत असावी तसा. आबांनी जवळ जाऊन तिच्या खांद्याला हात लावला. मग परत आले आणि म्हणाले, शे.

चहा आला. मी तो संपवला आणि निघालो.